खोडरबरात टोचलेलं भिरभिरं

चौरस कागद, टाचणी आणि डोक्यावर खोडरबर असलेली पेन्सिल. सामान एवढंच. फ्लोरिडातल्या कोकोनट क्रीकच्या मोनार्क हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या ॲन एअर्स आणि एलन मॅकमिलन या दोघींनी २००५ साली एवढ्याच सामानावर एक उपक्रम उभा केला. मुलांनी कागदाच्या एका बाजूला मनातलं लिहायचं, दुसऱ्या बाजूला चित्र काढायचं, त्याचं भिरभिरं करायचं आणि २१ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय शांतता दिनी, ते शाळेच्या आवारात रोवायचं. पहिल्याच वर्षी तेराशेहून अधिक ठिकाणी मिळून सुमारे ५ लाख भिरभिरी फिरली.

आपल्याकडे शाळेत कुठलाही ‘दिन’ शिरतो तो परिपत्रकातून. परिपाठात सूचना होते, दोन मुलं पाठ केलेली भाषणं म्हणतात, फळ्यावर रंगीत खडूचं कबूतर येतं, फोटो निघतो, अहवाल जातो. मागच्या रांगेतल्या मुलाचा त्या कबुतराशी काही संबंध येत नाही. भिरभिऱ्यात मात्र प्रत्येकाच्या हाताला काम आहे. शिवाय खर्च किती आणि तास कुणाचा जाणार, या मुख्याध्यापकांच्या नेहमीच्या दोन प्रश्नांना उत्तर तयार असतं: खर्च जवळपास नाही, आणि कार्यानुभवाचा एक तास पुरे.

तो तास मात्र बघण्यासारखा असतो. लिहिणं आणि रंगवणं कापण्याआधी उरकावं लागतं, कारण कागद कापल्यावर त्यावर धड ओळ उमटत नाही. मग चौरसाच्या दोन्ही कर्णांवर घड्या घालायच्या आणि चारही कोपऱ्यांपासून कात्री मध्याकडे न्यायची. मध्याच्या दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे ती थांबली पाहिजे. इथेच निम्मा वर्ग घसरतो. कात्री जोरात पुढे गेली की हातात चार सुटे त्रिकोण येतात, मग बाईंकडे दुसऱ्या कागदासाठी रांग लागते. नीट कापलं तर आठ टोकं मिळतात. त्यांतलं एकाआड एक टोक मध्यावर आणायचं. ओळीनं सगळीच आणली, तर त्याचा पुडा होतो. शेवटी चार टोकं आणि मध्य यांतून टाचणी घालून ती खोडरबरात टोचायची. फार आत दाबली, तर भिरभिरं हलत नाही. सैल ठेवली, तर पहिल्याच वाऱ्यात निसटतं. जत्रेतला भिरभिरेवाला कागद आणि काडी यांच्यामध्ये एक मणी का घालतो, हे वर्गाला तेव्हा कळतं.

लिहिण्याचा भाग त्याहून अवघड. या दोन शिक्षिकांनी शांततेचा संबंध फक्त युद्धाशी ठेवला नव्हता. रोजच्या आयुष्यातली दांडगाई आणि असहिष्णुताही त्यांना अभिप्रेत होती. मुलं सुरुवातीला ‘युद्ध नको’ लिहून मोकळी होतात, त्यात शेजाऱ्याच्या कागदाचाही हातभार असतो. ‘तुला स्वतःला कशानं शांत वाटेल?’ असं विचारलं की पेन्सिली थांबतात. मग आडनावावरून चिडवणं येतं, घरातली रात्रीची भांडणं येतात, बसमधली ढकलाढकली येते. त्यातलं अर्धं घडीत दडतं, उरलेलं फिरताना वाचता येत नाही. ही सोय योगायोगाची असेल, पण फार चांगली आहे. निबंध स्पर्धेत असलं काही कुणी लिहिणार नाही.

तारखेची मात्र गंमत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९८१ साली हा दिवस ठरवला, तेव्हा तो सप्टेंबरचा तिसरा मंगळवार होता, म्हणजे हमखास शाळेचा वार. २००१ साली ७ सप्टेंबरच्या ठरावानं २१ तारीख कायमची नेमली आणि या दिवशी जगभर शस्त्रं खाली ठेवावीत, असं आवाहन केलं. त्यानंतर चारच दिवसांनी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. नेमक्या तारखेचा शस्त्रसंधीला उपयोग होत असेल, शाळेला मात्र ती अडचणीचीच. २०२५ साली २१ सप्टेंबर रविवारी आला. अशा वेळी शाळांनी भिरभिरी एक-दोन दिवस आधी किंवा नंतर रोवायची.

स्पेनमधल्या शाळांनी तारीखच वेगळी धरली आहे. मायोर्काचे कवी आणि शिक्षणतज्ज्ञ ल्योरेन्स विदाल यांनी १९६४ साली शाळांसाठी अहिंसा आणि शांततेचा दिवस सुरू केला, तो ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला. आपण त्या दिवशी अकरा वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतो. तिकडे मुलं कागदी कबुतरं कापत असतात.

महाराष्ट्रात २१ सप्टेंबरला बाहेर काही रोवायचं म्हणजे पावसाशी गाठ. परतीची एक सर आली की कागद काडीला चिकटतो आणि स्केचपेनची शाई ओघळून सगळी अक्षरं निळी होतात. जुन्या प्लॅस्टिक फायलींची कव्हरं कापली की हा प्रश्न सुटतो, पण त्यावर लिहायला मार्कर लागतो, आणि तो शाळेत एकच असतो. व्हरांड्याच्या कठड्यावर भिरभिरी ओळीनं बांधणं त्यातल्या त्यात बरं. वारा पडला की पोरं एकेका भिरभिऱ्यापुढे गाल फुगवून उभी राहतात.

दुपारी ती उतरवावी लागतात, कारण चाचणी परीक्षा तोंडावर असते आणि पेन्सिली हव्या असतात. टाचण्या डबीत जातात. खोडरबरच्या मधोमध पडलेलं भोक तेवढं राहतं. गणिताच्या तासाला खोडताना तिथूनच तुकडा पडतो.