बाप्तिस्म्यानंतरची साक्ष
(विश्वासाची वाट : लेखांक ७)

मागच्या लेखात पश्चात्तापाविषयी लिहिलं होतं. तो वाचून मुदखेडच्या एका बहिणीनं विचारलं, "बाप्तिस्मा घेऊन अकरा वर्षं झाली. रोज वचन वाचते, उपास करते. तरी सुनेवरचा राग काही जात नाही. मग माझ्यात बदललं तरी काय?" बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. तिथल्या तिथं उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून या आठवड्याचा लेख त्या प्रश्नाला दिला आहे.

पौलानं रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं ते साधारण इसवी सन ५७ च्या सुमारास, करिंथ शहरातून. त्याच्या सातव्या अध्यायाच्या उत्तरार्धात तो स्वतःची ओढाताण उघड करतो. मनाला पटलेलं चांगलं हातून होत नाही, ज्याचा तिटकारा आहे तेच होऊन बसतं, अशी त्याची तक्रार आहे. हे बोलणारा माणूस ख्रिस्ताला ओळखणारा की न ओळखणारा, यावर मंडळीत शतकानुशतकं वाद झाला. संत ऑगस्टीन आधी म्हणत की हा कृपा मिळण्यापूर्वीचा माणूस आहे. उतारवयात त्यांनी मत बदललं आणि हा विश्वासणाऱ्याचाच आवाज आहे असं लिहिलं. मार्टिन ल्यूथर त्याच बाजूचे. जॉन वेस्ली मात्र पहिल्या बाजूचे. मला ऑगस्टीनचं उतारवयातलं मत पटतं. देवाचं नियमशास्त्र अंतःकरणातून आवडू लागलंय अशा माणसाचं हे बोलणं आहे. ज्याला ते आवडतच नाही, तो इतका कळवळेल कशाला?

एक शब्द मात्र आपल्याला फसवतो, तो म्हणजे 'देह'. मराठी पवित्र शास्त्रात देह आणि आत्मा यांचा झगडा वाचला की आपण समजतो, हाडामांसाचं शरीर वाईट. मग जेवण तोडायचं, झोप तोडायची. पण गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात देहाच्या कर्मांची यादी आहे, ती नीट बघा. जारकर्म आणि दारूबाजी तिच्यात आहेच. पण हेवा, भांडण, तट पाडणं हेही तिच्यात आहे. हेवा करायला शरीर कुठं लागतं? अंथरुणाला खिळलेला माणूसही हेवा करू शकतो. पौलाच्या बोलण्यातला देह म्हणजे देवाला बाजूला सारून स्वतःभोवती फिरणारा अख्खा माणूस. सुनेवरचा राग उपासानं का गेला नाही, ते इथं कळतं. उपास चांगलाच, पण दुखणं पोटात नव्हतं.

आमच्या उमरीच्या काळ्या रानात कुंदा असतो. शेतकऱ्याला मी त्याचं वर्णन काय सांगावं! वरून कापला तर आठ दिवसांत पुन्हा हिरवा. मुळ्या खोल, आणि तुटलेल्या तुकड्यालाही फूट येते. उन्हाळ्यात कुदळीनं खांदून, वेचून, मुळ्या उन्हात वाळवाव्या लागतात, आणि हे एका उन्हाळ्यात संपत नाही. पण पडीक रानातल्या कुंद्याची तक्रार कुणी केलेली मी ऐकली नाही. तिथं तो असतोच, आणि कुणाला खुपत नाही. पेरलेल्या रानात मात्र एक कोंब दिसला तरी जीव खालीवर होतो. त्या बहिणीला मला हेच सांगायचं आहे. अकरा वर्षांपूर्वी हाच राग तुम्हाला हक्काचा वाटायचा. आज तो खुपतो, कारण रान पेरलं गेलंय.

(मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला निदणाचा दाखला मी इथं वापरलेला नाही. त्या दाखल्यातलं शेत म्हणजे जग, हे येशूनंच सांगितलंय. तो मनाला लागू करून 'कापणीपर्यंत पाप राहू द्या' असं म्हणणारे भेटतात. ते चूक आहे.)

आता आपल्याच मराठी मुलखातली साक्ष बघू. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडच्या सभांमध्ये साक्ष इथंच संपते. आधी अंधार होता, मग प्रभू भेटला, हालेलुया. रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष छापली, तेव्हा त्या तिथं थांबल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतरची आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी लिहून ठेवलं. कोण लिहितंय हे? १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडून विधवांना आसरा देणारी बाई! काम चाललं होतं, नाव झालं होतं, टीकाही सोसली होती. आत मात्र तहान तशीच.

त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मवृत्त आलं. या पाळकाची गोष्ट विलक्षण आहे. १८५१ साली कॉर्नवॉलमध्ये उपदेश करता करता स्वतःच्याच उपदेशानं त्याचं अंतःकरण पालटलं. ते वाचून रमाबाईंना वाटलं, आपलंही असंच राहून गेलंय. १८९१ च्या सुमारास त्यांना पापक्षमेची शांती मिळाली. पुढं १८९५ साली लोणावळ्याच्या शिबिरात पवित्र आत्म्याविषयी नवी जाणीव झाली. १९०५ च्या जूनमध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन आलं, तेव्हा मुली रडून आपली पापं कबूल करू लागल्या. विश्वासात असलेल्यांनाही आपलं काही दडलेलं सापडलं.

ही सालं ओळीनं मांडली ती याचसाठी. प्रत्येक पायरीवर रमाबाईंना आपली काहीतरी नवी उणीव दिसली. उजेड वाढला की कोपऱ्यातलं जळमट दिसतं. ते जळमट उजेडानं आणलेलं नसतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही असंच. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांचा तापट स्वभाव आणि तितकाच चटकन विरघळणारा जीव लपवून ठेवला नाही. बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. इतक्या वर्षांनीही ते आहे त्यात समाधानी नव्हते. आणि स्वतः लक्ष्मीबाई? बाप्तिस्म्यामुळं दुरावलेल्या नवऱ्याच्या घरी परतल्या तरी सुरुवातीला सोवळं आणि स्वयंपाक वेगळा ठेवायच्या. जातीचा कुंदा त्यांनी एकेक मुळी खणून काढला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या सभांत ही मधली साक्ष ऐकू येत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. ऐकू येत नाही म्हणून प्रत्येकाला वाटतं, पडणारा मी एकटाच. आणि एकटा माणूस लपवतो. याकोबानं एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलं ते याच दुखण्यावर. मात्र ऐकणाऱ्याच्या पोटात ते राहिलं पाहिजे. गावभर झालं तर कबूल करणारा पुन्हा तोंड उघडणार नाही.

मोह होणं आणि पाप करणं यातला फरक पुढच्या लेखात, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाबरोबर घेऊ. आज माझी मधली साक्ष देतो, नाहीतर वरचं सगळं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

यंदा सोयाबीनच्या पेरणीला मी ट्रॅक्टरवाल्याला म्हणालो, बांधाला लागून एक तास (ओळ) जास्तीचा घे. जागा माझी नव्हती. बाप्तिस्म्याला एकोणीस वर्षं झालेला मी! कुणी पाहिलं नाही असं वाटलं. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर समोर आली आणि हात उचलेना. पौलानं करिंथकरांना सांगितलंय, स्वतःची परीक्षा करून मग खा. मी न खाता घरी आलो. दोन दिवस स्वतःला समजावत बसलो, की एक तास तो केवढा! तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकांच्या आखाड्यावर गेलो. ते बैलांना पाणी पाजत होते. मी सांगितलं. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"पेरणीच्या दिवशीच दिसलं होतं मला," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, उपटून टाकतो."

"उभं पीक उपटू नये बाबा. काढणी झाल्यावर दोघं मिळून दोरी धरू."

त्या तासाचं सोयाबीन त्यांच्या घरी पोचवायचं ठरलंय. आता ते गुडघ्याएवढं झालंय. रोज सकाळी रानात गेलो की आधी तोच तास दिसतो.