उंच बचावपटूची पावले

पिंपरी-चिंचवडमध्ये हॉकी म्हटले की नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद मैदान आठवते, जिथे डिसेंबर २०२१ मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. मात्र या खेळाला चाकांवर आणि बर्फावर खेळली जाणारी भावंडेही आहेत. निगडीच्या यमुनानगरातील रिंकवर स्केटिंग शिकणारा एखादा मुलगा वर्षभरात ताडमाड वाढला आणि त्याची पावले जड पडू लागली, तर तो त्याचा कायमचा दोष मानायचा की वाढीच्या वयातला एक टप्पा, या प्रश्नाचा सर्वांत जास्त अनुभव बर्फावरच्या हॉकीच्या गाठीशी आहे.

या खेळात बचावपटूचे निम्मे काम पाठमोरे चालते. प्रतिस्पर्धी पक, म्हणजे रबरी चकती, घेऊन समोरून वेगाने येत असतो आणि बचावपटूला त्याच्याकडे तोंड ठेवून, पायांनी अर्धचंद्र कोरत मागे सरकावे लागते; तो बाजूने निसटू लागला की क्षणात कंबर फिरवून पुढच्या दिशेने पळावे लागते. उंच खेळाडूची काठी लांबवर पोहोचते, हा त्याचा मोठा लाभ असतो, परंतु ही कंबर फिरवण्याची घडी त्याला महाग पडते, कारण लांब पाय फिरवायला अधिक जोर लागतो आणि शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूभोवती सगळा तोल सांभाळला जातो तो, जमिनीपासून उंचावर असतो. त्यावरचा उपाय एकच, गुडघे खोल वाकवून खाली बसणे. आणि नेमके तेच वाढत्या मुलाला जमत नाही.

मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते, त्या काळात वर्षाला ८ ते १० सेंटिमीटरही. आधी पावले वाढतात, मग पाय आणि शेवटी धड, तर स्नायूंची ताकद मागाहून येते. त्यामुळे काल अंगवळणी पडलेले वळण आज चुकते. दमला की मुलगा नकळत गुडघे सरळ करतो, वजन टाचेवर जाते आणि पाठमोरा जाताना तो हमखास मागे कोलमडतो. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

स्लोव्हाकियाचा बचावपटू झ्डेनो चारा याला (उंची २०६ सेंटिमीटर) लहानपणी बास्केटबॉल खेळण्याचा सल्ला मिळाला होता. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बर्फावरच्या हॉकीची लीग; तिथले संघ दरवर्षी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात. १९९६ च्या निवडीत तो ५६ वा निवडला गेला, म्हणजे त्याच्याआधी पंचावन्न जणांवर विश्वास दाखवला गेला. पुढे २००९ मध्ये त्याला सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक मिळाला, २०११ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली बोस्टनच्या संघाने लीगचा स्टॅन्ली चषक जिंकला आणि निवृत्त होईपर्यंत त्याने एनएचएलच्या नियमित हंगामांत १,६८० सामने खेळले. कोणत्याही बचावपटूसाठी हा विक्रम होता. स्वीडनच्या व्हिक्टर हेडमनची गोष्ट वेगळी आहे. जवळजवळ तेवढ्याच उंचीचा हा बचावपटू २००९ मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर निवडला गेला. म्हणजे उंची पाहून आधीच निष्कर्ष काढणे दोन्हीकडून फसवे ठरते.

रिंकवर मात्र एक साधी गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते, ती म्हणजे बूट. पाय भराभर वाढतो आणि स्केट महाग असतात, म्हणून घरचे लोक दोन नंबर मोठी जोडी घेऊन आत जाड मोजे घालतात. हा काटकसरीचा हिशेब समजण्याजोगा आहे, पण सैल बुटात घोटा डळमळतो, चाकांची कड जमिनीला नीट धरत नाही, आणि सिमेंटवर चाके खरवडत मुलगा वळण घेतो तेव्हा त्याची पावले खरोखर आहेत त्याहून जड दिसतात. अशा वेळी जुनी पण मापाची जोडी घेणे, दर महिन्याला दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीची खूण करणे आणि ज्या महिन्यांत ती खूण झपाट्याने वर सरकते त्या महिन्यांत वेगाच्या शर्यती कमी करून वाकलेल्या गुडघ्यांनी सावकाश पाठमोरे जाण्याचा सराव वाढवणे, एवढे तर कोणत्याही घराला करता येते.