बोटं जुन्याच एडिटरमध्ये राहतात

गेम बनवायला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं आहे. इंजिनाची नवी आवृत्ती टाकली आणि स्क्रिप्टवर डबल-क्लिक केलं की भलताच एडिटर उघडायला लागला. कामाचा वेग निम्म्यावर आला. ‘जुन्यावर परत गेलो तर काही बिघडेल का? मित्र म्हणतात, हा निव्वळ आळस आहे.’

बिघडत काही नाही. युनिटी या गेम इंजिनाचंच उदाहरण घ्या. सी शार्पमधली स्क्रिप्ट म्हणजे साधी मजकुराची फाइल. ती लिहायची एडिटरमध्ये, पण कंपाइल करतं इंजिन. फाइल सेव्ह करून तुम्ही इंजिनाच्या खिडकीत परतलात की ते बदललेल्या फाइली हुडकतं आणि कामाला लागतं. मजकूर नोटपॅडमध्ये लिहिला की आणखी कशात, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. प्रेफरन्सेसमध्ये ‘एक्स्टर्नल टूल्स’ उघडा, ‘एक्स्टर्नल स्क्रिप्ट एडिटर’च्या यादीतून जुनं नाव निवडा. यादीत नसेल तर ‘ब्राउझ’ करून दाखवून द्या.

असा खांदेपालट युनिटीत २०१८ साली मोठ्या प्रमाणावर झाला. २०१८.१ या आवृत्तीपासून इंजिनासोबत मोनोडेव्हलप हा एडिटर मिळणं बंद झालं. विंडोजवर त्याची जागा व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटीने घेतली, मॅकवर ‘व्हिज्युअल स्टुडिओ फॉर मॅक’ने. हा मॅकवरचा ‘नवा’ एडिटर मुळात मोनोडेव्हलपच्याच पायावर उभा होता. झॅमरिन कंपनीने मोनोडेव्हलपवरून आपला स्टुडिओ बेतला, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने झॅमरिन विकत घेतली आणि त्या स्टुडिओला नवं नाव मिळालं. २०२४ च्या ऑगस्टअखेर मायक्रोसॉफ्टने तोही बंद केला. जाहिरातीतल्या ‘नव्या’ या शब्दावर किती विसंबायचं, ते यावरून ठरवावं.

आता मित्रांच्या आरोपाकडे वळू. तो मला अजिबात मान्य नाही. हा प्रश्न आळसाचा नाही, हातांच्या वेगळ्या स्मृतीचा आहे.

१९५३ साली अमेरिकेत हार्टफर्ड इथे हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. झटके कमी झाले, पण नव्या आठवणी साठवण्याची ताकदच गेली. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला अनोळखी वाटे. ब्रेंडा मिल्नर ही मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायला मॉन्ट्रिअलहून रात्रीची गाडी पकडून येत असे. तिने त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी, त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, मात्र हात आणि कागद फक्त आरशात दिसणार. करून पाहा, कोपऱ्यावर आलं की पेन्सिल हमखास उलट्या दिशेला पळते. तीन दिवस सराव झाला. हेन्रीच्या चुका रोज घटत गेल्या आणि शेवटी चांदणी जवळपास बिनचूक उतरू लागली. हे काम आपण आधी कधी केलं आहे, याचा मात्र त्याला पत्ता नव्हता. वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं निघालं, असं नवल तो स्वतःच करत राहिला! डोक्याला न आठवणारं हात शिकतात, कारण ते ज्ञान मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठतं, हे इतक्या ठळकपणे पहिल्यांदा दिसलं ते मिल्नरच्या या साध्या प्रयोगातून.

व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प यांनी २०१० साली हेच कीबोर्डवर आणलं. सराईत टाइप करणाऱ्यांच्या मजकुरात संगणक गुपचूप चुका घुसवी, तर कधी त्यांनी केलेल्या चुका परस्पर दुरुस्त करी. माणसं पडद्यावर विश्वास ठेवून नसलेल्या चुका पदरात घेत आणि दुरुस्त झालेल्यांचं श्रेयही घेत. बोटं मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली तिथेच ती पुढच्या अक्षराला क्षणभर रेंगाळली.

आता त्या विद्यार्थ्याची बोटं पाहा. एडिटर बदलला की काही कळांचे अर्थही बदलतात. कीबोर्ड तोच, पण शिकलेली हालचाल आता भलतंच काहीतरी करते. मग प्रत्येक वेळी डोक्याला मध्ये पडावं लागतं आणि ज्या डोक्याने शत्रूच्या उडीचं गणित जुळवायचं, ते कळा शोधत बसतं. वेग घटतो तो यामुळे.

ही किंमत फार पूर्वी ओळखणारी माणसं होऊन गेली, आणि त्यांची आठवण क्वचितच काढली जाते. १९७८ चा वर्डस्टार हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम रॉब बार्नबी यांनी लिहिला. बाणांच्या कळा सगळ्याच कीबोर्डवर नसत, म्हणून त्यांनी कंट्रोलबरोबर एस, डी, ई, एक्स या चार कळांना दिशा वाटून दिल्या: डावी, उजवी, वर, खाली. कळांची जागा पाहिलीत तर दिशा पाठ कराव्याच लागत नाहीत. बोर्लंड कंपनीने १९८३ मध्ये प्रोग्रॅमरांसाठी टर्बो पास्कल काढताना एडिटरला याच आज्ञा ठेवल्या. लोकांच्या बोटांत होतं तेच पुढे चालवलं. पुढे टर्बो सीतही त्या आल्या. आपल्याकडच्या कॉलेजांतून त्या निळ्या पडद्यावर शिकलेल्या पिढ्यांना कंट्रोल-वायने अख्खी ओळ उडते हे अजून आठवत असेल. आज बहुतेक एडिटरांत त्याच कळा ‘रीडू’ करतात. टर्बो पास्कलचा कंपायलर लिहिणारे अँडर्स हेल्सबर्ग हेच पुढे सी शार्पचे मुख्य रचनाकार झाले, म्हणजे आपला हा विद्यार्थी ज्या भाषेत गेम लिहितो तिचे.

परत जाताना दोन गोष्टी सांभाळा. युनिटी २०१८.३ पासून सी शार्प ७.३ च्या नव्या रचना चालू लागल्या, जुना एडिटर त्यांच्याखाली लाल रेघा ओढेल. इंजिनाच्या कन्सोलमध्ये एरर नसेल तर कोड कंपाइल झाला आहे, त्या रेघा सोडून द्या. दुसरं, ब्रेकपॉइंट लावून कोड थांबवण्याची सोय जुन्या एडिटरातून चालेलच असं नाही, कारण त्यासाठी त्याला इंजिनाशी थेट बोलावं लागतं. ती सोय रोज लागत असेल तर एडिटर नवाच ठेवा आणि कळा जुन्या आणा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कळांची मांडणी बदलणारी ‘कीमॅप’ची एक्स्टेन्शन्स मिळतात. सब्लाइम, ॲटम, नोटपॅड प्लस प्लस, विम यांच्या बऱ्याचशा सवयी त्यांतून येतात, आणि जी कळ सापडत नाही ती ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’मध्ये स्वतः लावून घेता येते.