लहान मुलांना शेत दाखवायचं कसं? भाकरीपासून उलटं चालत!

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. ऐकताना बोलतो तसंच लिहिलंय, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शेत कसं दाखवायचं. तुमच्यातले बरेच जण कुणाचे तरी काका, मामा, मावशी किंवा ताई असणार. हुरड्याचा सीझन आला की घरातली पोरं आपल्याच गळ्यात पडतात. मग आपण काय करतो? "ही बघ गाय, ही विहीर, तो ट्रॅक्टर, चल फोटो काढू." दहा मिनिटांत शेत संपतं आणि पोरगं मोबाईल मागतं.

माझं म्हणणं असं आहे की लहान मुलाला नावांची यादी पचत नाही, गोष्ट पचते. म्हणून मी ताटातल्या ज्वारीच्या भाकरीपासून सुरुवात करतो आणि उलटं चालत जातो.

खळं. भाकरी पिठाची, पीठ दाण्यांचं आणि दाणे कणसातले. ते कणसातून निघतात कुठे, तर खळ्यावर. पूर्वी जमीन चोपून, शेणाने सारवून खळं करायचे. मधोमध तिवडा, म्हणजे एक खांब, आणि त्याभोवती बैल फिरायचे. आता मळणी यंत्र येतं आणि काम उरकून जातं. पण मुलाच्या हातात एक कणीस द्या, तळहातावर चोळायला लावा, मग फुंकर मारायला सांगा. भुसा उडतो, दाणे राहतात. मळणी आणि उपणणी, दोन्ही एका मिनिटात कळली!

वावर. कणीस आलं ताटावरून आणि ताट उभं असतं वावरात. इथे मुलाला सरी आणि वरंबा दाखवा. खोलगट भाग म्हणजे सरी आणि उंच भाग म्हणजे वरंबा. एक पाय सरीत, एक वरंब्यावर ठेवून चालू द्या, पायालाच फरक कळतो. चौकोनी वाफे दिसले तर तेही मोजायला लावा. शेत केवढं हे सांगायचं असेल तर गुंठा वापरा. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे एक गुंठा. त्याच्या कडेने मुलाला एक चक्कर पळवा. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो.

बांध. बांध म्हणजे शेताची हद्द, हे मोठ्यांचं उत्तर झालं. मुलासाठी बांध म्हणजे पाणी आणि माती अडवणारा हात. मातीचा छोटा बांध करून त्यावर तांब्याभर पाणी ओतून दाखवा. बांधावर बाभूळ असते, बोर असते, मुंग्यांचं वारूळ असतं, पक्ष्यांचं घरटं असतं. माझ्या अनुभवात पोरं सगळ्यात जास्त इथेच रमतात. विदर्भात याला धुरा म्हणतात, कोकणात मेर. तुमच्या आजीचा जो शब्द असेल तोच शिकवा.

विहीर आणि पाट. आता पाण्यामागे चाला. मोटर सुरू झाली की पाणी पाटात येतं, पाटातून वाफ्यात. पाटात एक वाळलेलं पान सोडायचं आणि त्याच्या मागे चालायचं. ठिबक असेल तर नळीतून पडणारे थेंब मोजायचे. मोट, म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची पखाल, ही गोष्ट आजोबांना सांगू द्या.

गोठा आणि उकिरडा. दाणे आपण खाल्ले, पण वाळलेल्या ताटांचं काय? तो कडबा. तो जातो गव्हाणीत, गाय-बैलांच्या पुढ्यात. गाय निवांत बसून तोंड हलवत असेल तर सांगा, "ती रवंथ करतेय, मगाशी गिळलेलं आता चावतेय." जनावराच्या मागून जायचं नाही, हेही तिथेच सांगा. मग शेण उकिरड्यावर, उकिरड्याचं खत परत वावरात आणि वावरातून पुन्हा भाकरी. इथे गोल पूर्ण होतो. थंडीत सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते, कारण आत कुजण्याची क्रिया चालू असते आणि त्यातून उष्णता तयार होते. "शी!" म्हणणारं पोरगं ती वाफ बघून गप्प होतं. फक्त तुम्ही आधी नाक मुरडू नका.

आता कान देऊन वाचा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

शेत ही काही बाग नाही. अनेक विहिरींना कठडा नसतो. त्याहून फसवं असतं शेततळं. दिसायला स्विमिंग पूलसारखं, पण आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही उतारावरून वर येता येत नाही. तिथे मूल कडेवर किंवा हात घट्ट धरून. सेल्फी नको म्हणजे नकोच. मोटरचा स्टार्टर आणि लोंबणाऱ्या वायरी लांबूनच दाखवा. कडब्याच्या गंजीत हात घालू देऊ नका, तिथे साप-विंचू असू शकतात.

आणखी एक. फवारणीच्या विषाला आपण सरसकट "औषध" म्हणतो. पण मुलाच्या डोक्यात औषध म्हणजे आई चमच्याने देते ते गोड सिरप! म्हणून मुलांसमोर त्याला सरळ "विष" म्हणा. रिकामी बाटलीसुद्धा खेळायला द्यायची नाही, पाणी भरायला तर अजिबात नाही.

शेतकऱ्याला विचारल्याशिवाय काही तोडायचं नाही, हेही मुलाला सांगा. एक कणीस म्हणजे कुणाची तरी मेहनत आहे.

ही कल्पना काही माझी नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची! समोर जे आहे त्यातूनच शिकवायचं, हा साधा विचार.

आणि शेत जवळ नसेल तर? कुंडीत मूठभर ज्वारी पेरा. कोंब यायला फार दिवस लागत नाहीत. रोज पाणी घालायचं काम मुलाचं, आठवण करून द्यायचं काम तुमचं.

बांधाला तुमच्या गावात काय म्हणतात, ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू!