अंगणाला कोबा की फरशी?

घर बांधून पुरे होत आले म्हणजे अंगणाची पाळी येते. तोवर घरधन्याचा खिसाही हलका झालेला असतो आणि उत्साहही ओसरलेला असतो. अशा वेळी गवंडी विचारतो, "कोबा करून टाकू, की फरशी बसवू?" घाईघाईने दिलेल्या त्या उत्तराबरोबर घरच्या माणसांना पुढे कित्येक वर्षे नांदावे लागते. प्रश्न दिसतो खर्चाचा आणि शोभेचा. वस्तुतः तो पाण्याचा आहे. बंगळूरसारख्या शहरात याचा प्रत्यय विशेषच येतो.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. त्याच्या बुडाशी अतिप्राचीन खडक आहे. लालबागेतील उघडा खडक त्याचाच भाग असून त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानतात. साहजिकच दगड ही तेथील घरोघरची वस्तू झाली. एकोणिसाव्या शतकात तेथील पाथरवट सपाट खडकावर लाकडांचा विस्तव पेटवून तो हळूहळू पुढे सरकवीत, उष्णतेने वरचा थर सुटा करीत आणि त्याच्या लांबरुंद लाद्या पाडीत. अशा दगडी लाद्या अंगणात पसरल्या, गटारांवर बसल्या, कुंपणाला उभ्या राहिल्या. मातीवर मांडलेल्या लाद्यांच्या फटींतून पाणी मुरे. एखादी खचली तर पहारीने उचलून, खाली माती सारून ती पुन्हा बसविता येई. आज बाजारात पेव्हर ब्लॉक म्हणून मिळणारे सिमेंटचे ठोकळे हे याच लादीचे वंशज होत.

कोबा हा याच्या उलट स्वभावाचा. पूर्वी तो चुन्याचा असे, आता सिमेंट, वाळू आणि खडीचा असतो. तो एकसंध, झाडावयास सोपा. त्यावर चाकाची खुर्ची अडखळत नाही. परंतु काँक्रीट वाळताना आकसते आणि उन्हाथंडीने फुगते-आखडते. म्हणून त्याला कोठे ना कोठे तडा जाणारच. जाणता कारागीर तड्याला जागाच नेमून देतो. १० सेंटिमीटर जाडीच्या कोब्यात अडीच ते तीन मीटरांवर तो सरळ सांधे पाडतो. शिवाय कोबा पहिले सात दिवस तरी ओला राहिला पाहिजे. हवा गार आहे म्हणून यात हयगय करून चालत नाही. मात्र एकदा खालचा नळ फुटला की कोबा फोडावा लागतो, आणि त्याचे ठिगळ कायमचे दिसत राहते.

ठोकळ्यांची ताकद ठोकळ्यांत कमी आणि खालच्या बैठकीत अधिक असते. जमीन नीट धुमसावी, तीवर खडीचा थर दाबून घालावा, मग तीन-चार सेंटिमीटर वाळू पसरून ठोकळे बसवावेत आणि चहूबाजूंना कडेचे दगड काँक्रीटात पक्के रोवावेत. हे न केल्यास ठोकळे सरकतात, खचतात, आणि दोष मात्र विनाकारण ठोकळ्यांच्या माथी येतो. सोलापूर किंवा नागपूरकडच्या काळ्या जमिनीत तर हे अधिकच सांभाळावे लागते. कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेथे कोबा फुटतो. ठोकळे वरखाली होतात, पण ते काढून पुन्हा लावता येतात.

आता पाण्याचे पाहू. बंगळूरला मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, जवळजवळ ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. उरलेली भिस्त कूपनलिकांवर. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांतील पुष्कळशा आटल्या. २००९ पासून ठरावीक आकाराहून मोठ्या भूखंडांवरील घरांना पावसाचे पाणी साठविणे वा मुरविणे कायद्याने सक्तीचे आहे. ३० चौरस मीटरांच्या अंगणावर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ७५० लिटर पाणी होते. कोब्यावरून ते थेट रस्त्यावरच्या गटारात जाते आणि गल्लीतल्या प्रत्येक घराचे पाणी त्यास मिळाले की सखल वस्तीत पूर होतो. २०२२ च्या सप्टेंबरात शहराच्या पूर्वभागाने हे अनुभवले. ज्या गावात पावसाळ्यात पाणी घरात शिरते आणि उन्हाळ्यात तेच टँकरने विकत घ्यावे लागते, तेथे अंगणाने पाणी गिळावे हेच बरे.

तथापि केवळ ठोकळे बसविल्याने पाणी मुरते असे नव्हे. बारीक वाळूने भरलेल्या अरुंद फटी लवकरच धुळीने बुजतात. पाणी मुरावयाचे असेल तर फटी रुंद हव्यात, त्यांत बारीक खडी हवी, आणि खालचा थरही जाड, मोकळ्या खडीचा हवा. घराच्या पायाशी मात्र पाणी मुरू देऊ नये. तेथे भिंतीपासून बाहेर मीटरला दोन सेंटिमीटर ढाळ असावा.

तेव्हा निवड दोहोंपैकी एकाचीच करावी असे बंधन नाही. भिंतीलगत हातभर पट्टा आणि मोटारीच्या चाकांखालची वाट कोब्याची करावी. जेथे खाली नळ, टाकी किंवा झाडाची मुळे आहेत, तेथे उचलता येणारी फरशी किंवा ठोकळे घालावेत. बंगळूरच्या ३० फूट रुंद आणि ४० फूट लांब भूखंडावर घर उभे राहिल्यानंतर मोकळी जमीन उरते ती थोडीच. तेवढ्या जमिनीला तरी श्वास घेण्याची मुभा ठेवणे हे घरधन्याच्याच हिताचे आहे, कारण त्याच्या कूपनलिकेचे पाणी तेथूनच खाली उतरते.