संच बोलतो, पण चित्रपटापर्यंत पोहोचवतो का?

कोरमंगला (बंगळुरू) : फ्लिपकार्टची सुरुवात २००७ मध्ये ज्या कोरमंगलातील सदनिकेतून झाली, त्याच उपनगरात ‘एनेबल इंडिया’ या संस्थेचे कार्यालय आहे. शांती राघवन आणि दीपेश सुतारिया यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली ही संस्था दृष्टिबाधितांसह अपंग व्यक्तींना संगणकाचे प्रशिक्षण देऊन नोकरीसाठी तयार करते. शांती यांच्या भावाची दृष्टी तरुण वयात गेली. त्याला उभे करतानाचा अनुभव या कामामागे आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या ‘स्क्रीन रीडर’च्या आधारे दृष्टिबाधित कर्मचारी दिवसभर कार्यालयात काम करू शकतो. मात्र घरी परतल्यावर आवडीचा चित्रपट लावण्यासाठी त्याला अनेकदा दुसऱ्याला हाक मारावी लागते.

तांत्रिकदृष्ट्या ही अडचण अवघड नाही. रिमोटची कळ दाबली की पडद्यावर एकेका पर्यायावर चौकट सरकते. त्या पर्यायाचे नाव मजकूररूपात उपलब्ध असेल, तर ते वाचून दाखवता येते. अँड्रॉइड टीव्हीवर ‘टॉकबॅक’, ॲपल टीव्हीवर ‘व्हॉइसओव्हर’ आणि ॲमेझॉन फायर टीव्हीवर ‘व्हॉइसव्ह्यू’ हेच करतात. फायर टीव्हीच्या रिमोटवरील ‘बॅक’ आणि ‘मेनू’ या कळा दोन सेकंद एकत्र दाबून धरल्या की आवाज सुरू होतो. अशी कळ नसेल आणि ही सोय सेटिंग्जच्या चौथ्या-पाचव्या पायरीत दडली असेल, तर ती चालू करण्यासाठीही डोळस माणूसच हवा!

साखळी पुढेही तुटते. संच बोलतो, पण ॲप बनवणाऱ्याने बटणाला नावच दिलेले नसेल, तर ऐकू येते ते फक्त ‘बटण, बटण’. चित्रपटाचे नाव केवळ पोस्टरच्या चित्रात असेल, तर वाचायला काहीच उरत नाही. खाते जोडण्यासाठी पडद्यावर क्यूआर कोड येतो; तो पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, हे न पाहणाऱ्याला कसे कळावे? मराठी शीर्षक इंग्रजी आवाजाने वाचले गेले, तर ते ओळखणेही कठीण जाते.

एवढे पार करून चित्रपट सुरू झाला, की ध्वनिवर्णनाचा प्रश्न येतो. संवादांमधील शांततेत निवेदक पडद्यावरील हालचाल, स्थळ आणि चेहऱ्यावरील भाव मोजक्या शब्दांत सांगतो. नायिकेने न बोलता पत्र फाडले, तर निवेदनाशिवाय ऐकणाऱ्याला केवळ कागदाचा आवाज येतो. अंध नायक असलेली ‘डेअरडेव्हिल’ मालिका नेटफ्लिक्सवर एप्रिल २०१५ मध्ये आली, तीही ध्वनिवर्णनाविना. प्रेक्षकांच्या मागणीनंतर ते जोडण्यात आले.

भारतात या विषयाला गती मिळाली ती न्यायालयातून. दृष्टी व श्रवण दोष असलेल्या व्यक्तींच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीसाठी ध्वनिवर्णन आणि उपशीर्षके तयार करण्याचे आदेश दिले. चित्रपटगृहांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली. डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले.

या साऱ्यात उपकरणाची चर्चा मात्र मागे पडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये तीन बाबी आहेत. पहिल्या दोन आशय आणि ध्वनिवर्णनाविषयी आहेत. तिसरी सांगते की दैनंदिन वापराची विद्युत उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत, यासाठी सरकारने उपाय योजावेत. अमेरिकेत २०१० च्या कायद्याखालील नियमांनी डिसेंबर २०१६ पासून संचावरील मेनू बोलका असणे बंधनकारक केले. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक होती. तरीही दुकानात संचाचा आकार आणि चित्राची स्पष्टता सांगितली जाते, तो बोलतो का हे क्वचितच.

संच घेणाऱ्या कुटुंबाने दुकानातच हे तपासावे. आवाज कोणत्या कळेने सुरू होतो ते विचारावे, मग डोळे मिटून ओटीटी ॲप उघडावे आणि एखादा मराठी चित्रपट शोधून लावून पाहावा. ध्वनिवर्णन असल्यास ते ध्वनीच्या भाषांच्या यादीत स्वतंत्र पर्याय म्हणून दिसते; त्या यादीपर्यंत डोळे न उघडता पोहोचता येते का, तेही पाहावे.