शेजाराच्या आधाराने उभी घरं

क्योतोतल्या जुन्या लाकडी घराला माचिया म्हणतात. रस्त्यावरून पाहिलं तर ते अगदीच चिमुकलं वाटतं: जेमतेम पाच-सहा मीटर रुंदी, लाकडी पट्ट्यांची जाळी, वर बुटका माळा. पण आत शिरलं की घर संपतच नाही! पुढे दुकान, मागे राहत्या खोल्या, इवलंसं अंगण, पुन्हा खोल्या, मग बाग आणि कोठार. क्योतोकर त्याला वाम माशाचं अंथरूण म्हणतात.

एका कडेने थेट मागपर्यंत मातीचा बोळ जातो. त्यातच चूल. तिच्यावर माळा घातलेला नसतो, नजर पार कौलांखालच्या तुळयांना भिडते. धूर वर जातो, उजेड खाली उतरतो आणि आग लागलीच तर ज्वाळा शेजारी न पसरता वर चढतात. उन्हाळा आला की सरकती कागदी दारं काढून तिथे बोरूच्या काड्यांची दारं बसवतात. अंगणात पाणी शिंपडलं की तिथली गार हवा आणि बागेतली तापलेली हवा यांच्या फरकातून घरभर झुळूक फिरते. विजेशिवाय!

याहून थक्क करतो तो खांब. तो पायात गाडलेला नसतो, दगडावर नुसता उभा असतो. बुंधा कुजला तर सुतार घर किंचित उचलतात, कुजका भाग कापतात आणि खाचेत खाच बसवून नवं लाकूड जोडतात. वरचा जुना खांब तसाच राहतो.

पण 1950च्या इमारत कायद्यानंतर अशी घरं जुन्या पद्धतीने नव्याने बांधणं जवळपास अशक्य झालं. पाडलं ते कायमचं गेलं. त्यात वारसा कर आणि जागेचे भाव. 2016च्या पाहणीत सुमारे 40,000 माचिया उरल्या होत्या. आधीच्या सात वर्षांत रोज सरासरी दोन नाहीशा झाल्या. घरं इतकी खेटून, की एक पाडलं की शेजारच्याची कच्ची भिंत पावसात उघडी पडते. म्हणून एकट्या मालकाने जपून भागत नाही.

हे रहिवाशांनी ओळखलं. तिथे सकाळी आपल्या दारापुढचा रस्ता झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीतही हातभर झाडायची रीत आहेच. 1992मध्ये माचियांच्या पुनरुज्जीवनासाठी अभ्यासमंडळ उभं राहिलं, 1999मध्ये सुतार, गिलावा करणारे, कौलं शाकारणारे आणि वास्तुरचनाकार यांचा दुरुस्ती गट, 2005मध्ये निधी. जुने कारागीर नव्यांना काम शिकवू लागले. ही शिकवण मला पैशाहून मोलाची वाटते, कारण खांबाचा तो सांधा हातानेच कळतो.

2017च्या नगर-नियमानुसार निवडक माचिया पाडायच्या तर मालकाला वर्षभर आधी कळवावं लागतं. त्या वर्षात शहर आणि या संस्था घरासाठी भाडेकरू किंवा खरेदीदार शोधतात. कुठे खानावळ निघते, कुठे पाहुण्यांची सोय होते. वर्ष कमीच आहे, पण तेवढ्यात दुसरा मालक मिळू शकतो.